कुंपण, जिवंत : तणनियंत्रण
बागेच्या अथवा शेताच्या सीमेवर झुडपे दाट लावून तयार केलेल्या आडोशास जिवंत कुंपण किंवा वई म्हणतात. महाराष्ट्रात त्यासाठी मेंदी, कोयनेल, दुरांटा, करवंद, विलायती चिंच इ. वनस्पती लावतात. कुंपणाची उपयुक्तता त्याच्या तळाच्या दाटीवर अवलंबून असते. लागवडीनंतरच्या पहिल्या दोन पावसाळ्यांत तणे माजल्यास त्यांच्या सावलीत रोपांच्या खालच्या फांद्यांची पाने गळतात. तसेच पाणी व पोषक द्रव्ये यांसाठी स्पर्धा होऊन रोपे खुरटतात. तळाशी अशी पडलेली खिंडारे पुढे भरून काढणे कठीण असते, कारण मागाहून लावलेली रोपे शेजारच्या मोठ्या झुडपांची सावली व मुळे यांच्यापुढे टिकत नाहीत. शेळ्यामेंढ्या नेमक्या याच जागेतून आत शिरतात.

तणांचे प्रकार : केना, घोळ, माठ, गाजर गवत इ. वर्षायू तणे बियांपासून उगवतात. गाजर गवताच्या पुण्यातील आढळाची नोंद १९५६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यानंतर ते देशभर पसरले. त्याच्या स्पर्शाने अनेकांना त्वचादाह होतो, म्हणून ते फुलोऱ्यापूर्वी व हातमोजे घालून उपटतात. हरळी व लव्हाळा ही बहुवर्षायू तणे अधिक चिवट असतात. हरळीच्या भूमिगत खोडाचा पेर असलेला प्रत्येक तुकडा पुन्हा फुटतो. लव्हाळा उपटल्यास केवळ वरचा भाग हाती येतो व जमिनीतील गाठींना नवे कोंब येतात. त्यामुळे एकदाच कुदळणी करून सोडून दिल्यास ही तणे कमी न होता उलट पसरतात. अमरवेल ही परजीवी वेल कोयनेल व दुरांटा यांवर आढळते. तिचे पिवळे धागे ज्या फांदीवर असतील, ती फांदी कापून जाळतात. धाग्याचा लहानसा तुकडा राहिला, तरी वेल पुन्हा वाढते.

नियंत्रणाचे उपाय : लागवडीसाठी सु. ५० सेंमी. रुंद व तितकाच खोल चर उन्हाळ्यात खणून तापू देतात. खणताना निघालेल्या हरळीच्या काड्या व लव्हाळ्याच्या गाठी वेचून काढतात. कच्च्या शेणखतातून तणांचे बी येते, म्हणून चरात चांगले कुजलेलेच खत घालतात. पावसाळ्याच्या आरंभी रोपे लावल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पहिली खुरपणी करतात व पावसाळा संपेपर्यंत ती दर तीन-चार आठवड्यांनी करतात. रोपांची मुळे उथळ असल्याने बुंध्याजवळ कुदळ न वापरता खुरप्याने किंवा हाताने तण काढणे इष्ट असते. ओळीच्या दोन्ही बाजूंस सु. ५० सेंमी. पट्टा तणमुक्त ठेवतात. बागेत हिरवळीसाठी मुद्दाम लावलेली हरळी कुंपणाच्या दृष्टीने मात्र तणच ठरते. तिला अडविण्यासाठी मध्ये विटांची किंवा पत्र्याची कड पुरतात व ती ओलांडणारे धुमारे छाटतात.

खुरपणीनंतर पट्ट्यावर उसाचे पाचट, भाताचा पेंढा किंवा पालापाचोळा यांचे ७ ते १० सेंमी. जाडीचे आच्छादन पसरतात. त्यामुळे बियांपासून येणारी तणे दडपली जातात व ओल टिकते. लव्हाळ्याचे कोंब मात्र त्यातून वर येतात व ते वारंवार काढावे लागतात. बुंधा कुजू नये म्हणून आच्छादन त्यापासून थोडे दूर ठेवतात. बी धरलेले तण आच्छादनास वापरीत नाहीत. जेथे वाळवीचा उपद्रव असेल, तेथे आच्छादन अधूनमधून उलटून पाहतात.

तणनाशके : कोवळ्या कुंपणात तणनाशके जोखमीची असतात. २,४-डी हे रुंद पानांच्या वनस्पती मारते; कुंपणाची झुडपे याच गटातील असल्याने त्यांना इजा होते व गवत मात्र शिल्लक राहते. ग्लायफोसेट हिरव्या पानांतून व कोवळ्या सालीतून शोषले जाऊन झुडपाच्या मुळांपर्यंत पोहोचते. लहान बागेत खुरपे व आच्छादन हेच उपाय सुरक्षित ठरतात.

हरळी व लव्हाळा यांना दाट सावली मानवत नाही. म्हणून तळ भरल्यानंतर कुंपण स्वतःच तणांचा बंदोबस्त करते. त्यासाठी सुरुवातीस शेंडे खुडून बुडापासून फांद्या फुटू देतात आणि पुढे छाटणी करताना माथा अरुंद व तळ रुंद ठेवतात, म्हणजे खालच्या पानांना ऊन मिळते. माथा रुंद राहिल्यास तळ उघडा पडतो व तेथे तणे पुन्हा शिरतात.