तारेचा फास

'सफारी' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे उघडी जीप, गळ्यात कॅमेरा अडकवलेले पाहुणे आणि झाडाखाली जांभई देणारा सिंह येतो. काहींना लग्नातला सफारी सूटही आठवेल, तो भाग वेगळा. मुळात हा शब्द स्वाहिली भाषेतला. स्वाहिलीने तो अरबी 'सफर'वरून घेतला आणि तीच सफर आपल्या मराठीतही येऊन राहिली. पूर्व आफ्रिकेच्या गवताळ रानातली खरी सफर मात्र पाहुण्यांची नाही, जनावरांची आहे. आज बोलायचं आहे ते त्या वाटेवर लावलेल्या तारेच्या फासांविषयी, आणि फास लावणाऱ्या हातांविषयीही.

टांझानियाच्या उत्तरेला सेरेंगेटी हे राष्ट्रीय उद्यान आहे. १९५१ साली ते स्थापन झालं. क्षेत्रफळ पावणेपंधरा हजार चौरस किलोमीटरच्या आसपास. इथला मुख्य रहिवासी म्हणजे विल्डबीस्ट. तोंड बैलासारखं, शेपूट घोड्यासारखं आणि हनुवटीला बोकडाची दाढी. राजबिंडा अजिबात नाही. पण असे तेरा लाखांच्या घरातले प्राणी पावसाच्या मागोमाग, कोवळ्या गवताच्या शोधात वर्षभर चालत असतात. फेब्रुवारीच्या सुमारास दक्षिणेच्या मैदानात त्यांची वीण होते. मे-जूनला ते पश्चिमेकडे सरकतात, मग उत्तरेला नदी ओलांडून केनियातल्या मसाई मारात जातात आणि वर्ष सरता सरता पुन्हा दक्षिणेला परततात.

हे कळप नेहमीच एवढे मोठे नव्हते. १९६१ च्या सुमारास विल्डबीस्ट होते जेमतेम अडीच लाख. कारण बुळकांडी. आपल्याकडच्या जुन्या शेतकऱ्यांना हे नाव सांगावं लागणार नाही, गोठेच्या गोठे रिकामे करणारा रोग. १८९० च्या सुमारास तो पूर्व आफ्रिकेत पोचला आणि गुरांबरोबर रानातली जनावरंही त्याने नेली. पुढे वॉल्टर प्लोराइट या पशुवैद्याने केनियात काम करत असताना चांगली लस तयार केली. लस टोचली गुरांना. रानातल्या जनावरांना कोण टोचणार? पण गुरांमधला रोग हटला तसा तो रानातूनही गेला. १९७७ पर्यंत विल्डबीस्ट तेरा लाखांवर पोचले. इतकी तोंडं चरू लागल्यावर वाळलं गवत कमी उरलं, वणवे घटले आणि रानात झाडं वाढली. एका लसीने एवढं केलं! २०११ मध्ये बुळकांडी जगातूनच नाहीशी झाल्याचं जाहीर झालं.

आता उद्यानाच्या पश्चिमेकडे येऊ. तिथे इकोमा, कुरिया, सुकुमा अशा लोकांची गावं आहेत. मका, कसावा, कापूस, थोड्या शेळ्या-गुरं असा संसार. कळप पश्चिमेकडे येतो तेव्हा ह्या गावांच्या जवळून जातो. घरात पोरं आहेत, मटण विकत घेण्याइतका पैसा नाही आणि दाराशी मांसाचा डोंगर चालत येतो आहे. ह्या मांसाला ते 'न्यामापोरी' म्हणतात, म्हणजे रानातलं मांस. विनापरवाना शिकार हा गुन्हा आहे, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

शिकारीला बंदूक लागत नाही. जुन्या टायरमधून काढलेली किंवा कुठून तरी मिळवलेली पोलादी तार पुरते. तिचा सरकता फास करायचा, जनावरांच्या पायवाटेवर डोक्याच्या उंचीला टांगायचा आणि दुसरं टोक झाडाला बांधायचं. जनावर जितकं ओढतं, तितका फास आवळतो. बंदुकीचा आवाज होतो, फासाचा होत नाही. रात्रीतून असे कितीतरी लावता येतात. लावणारा सकाळी येतो, पण प्रत्येक वेळी येतोच असं नाही. पहारेकऱ्यांची चाहूल लागली तर तो येत नाही, आणि फासातलं जनावर तरस-गिधाडांना जातं किंवा तिथेच कुजतं. शिवाय तारेला डोळे नसतात. हेरिबर्ट होफर आणि मारियन ईस्ट ह्या संशोधकांनी सेरेंगेटीतल्या तरसांचा बरीच वर्षं अभ्यास केला. विल्डबीस्टसाठी लावलेल्या फासात तरस किती मोठ्या प्रमाणात मरतात, हे त्यांनी १९९३ मध्येच मांडलं होतं. झांबियात शिकारी पर्यटकांनी मारलेल्या सिंहांच्या कवट्या तपासल्या, तेव्हा अनेकांच्या दातांवर तारेच्या खाचा आढळल्या. म्हणजे हे सिंह आधी कधी तरी फासात अडकले होते आणि तार चावून सुटले होते. त्या खाचांविषयी वाचलं तेव्हा मी पुस्तक थोडा वेळ मिटून ठेवलं.

पण अशी किती जनावरं मारली जातात? मोजणार कसं? शिकाऱ्याच्या दारात जाऊन 'तू शिकार करतोस का?' विचारलं तर तो 'नाही' म्हणणार, मीही म्हणालो असतो. यावर एक गमतीदार युक्ती आहे. लोकांचे दोन गट करायचे. पहिल्या गटाला समजा चार साध्या कामांची यादी द्यायची, शेती, शेळ्या राखणं वगैरे. दुसऱ्या गटाच्या यादीत तीच चार कामं आणि पाचवं शिकार. कोणती कामं करता हे सांगायचं नाही, फक्त किती करता तो आकडा सांगायचा. पहिल्या गटाची सरासरी समजा दोन आली आणि दुसऱ्याची दोन पूर्णांक दोन दशांश, तर तो वरचा भाग शिकारीचा. कोण शिकारी हे कुणालाच कळत नाही, पण शंभरात वीस आहेत हे कळतं. सेरेंगेटीभोवती ह्या पद्धतीने केलेल्या पाहणीत सुमारे १८ टक्के घरं शिकारीत असल्याचं २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं.

दुसरी वाट ताटाची. घरोघरी विचारायचं, गेल्या काही दिवसांत काय खाल्लं? डेनिस रेंट्श आणि क्रेग पॅकर यांनी ह्या हिशोबावरून अंदाज काढला की वर्षाला साधारण ९८ हजार ते १ लाख ४० हजार विल्डबीस्ट मारले जातात. हा अंदाज २०१५ चा. त्याआधीचा १९९८ चा अंदाज चाळीस हजारांच्या आसपासचा होता.

मग पहारा वाढवा, असं कोणी म्हणेल. त्यात तथ्य आहे. १९७७ मध्ये टांझानियाने केनियाची सीमा बंद केली, पर्यटक आटले, देशाची आर्थिक स्थिती ढासळली आणि गस्तीला पैसा उरला नाही. पुढच्या काही वर्षांत म्हशींचे कळप घटले, हत्ती कमी झाले आणि गेंडे जवळजवळ संपले. पुढे गस्त सुधारली तसे म्हशी आणि हत्ती पुन्हा वाढू लागले. ही हकिगत आकड्यांसह २००६ मध्ये प्रसिद्ध झाली.

मात्र २००२ च्या एका अभ्यासात असंही दिसलं, की ज्यांच्याकडे शेळ्या-मेंढ्या जास्त, त्यांच्यात शिकारीला जाणारे कमी. आमच्या घरी लहानपणी मटण आठवड्यातून एकदा यायचं, तेही पगार वेळेवर झाला तर. त्यामुळे ह्या वाक्याचा अर्थ मला कुणी समजावून सांगावा लागला नाही. तारेचा राग येतो, पण ती वाकवणाऱ्याचा तितका येत नाही, काय करणार!

सर्वांत विलक्षण गोष्ट घानाची आहे, म्हणजे खंडाच्या दुसऱ्या टोकाची. जस्टिन ब्राशेअर्स आणि सहकाऱ्यांनी तिथल्या सहा अभयारण्यांतल्या पहारेकऱ्यांनी केलेल्या नोंदी तपासल्या, १९७० ते १९९८ पर्यंतच्या. सस्तन प्राण्यांच्या ४१ जाती पाहिल्या, त्यांचं एकूण वजन ७६ टक्क्यांनी घटलं होतं. ही नोंद त्यांनी देशातल्या मासळीच्या पुरवठ्याशेजारी ठेवली. ज्या वर्षी मासळी कमी, त्या वर्षी रानात शिकार जास्त. समुद्रात मासा कमी का झाला? पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर युरोपातली मोठी जहाजं अनुदानाच्या जोरावर मासेमारी करत होती, हे त्यामागचं एक कारण. म्हणजे युरोपातल्या कुणा बाजारात मासा स्वस्त मिळावा म्हणून घानाच्या गवताळ रानातलं हरीण फासात जायचं, आणि दोघांनाही एकमेकांचा पत्ता नसायचा.

सेरेंगेटीच्या पश्चिमेला समुद्र नाही, पण व्हिक्टोरिया सरोवर आहे. त्यात १९५० च्या दशकात नाईल पर्च नावाचा भला मोठा मासा सोडला गेला. त्याचे तुकडे बर्फात घालून परदेशी जातात. गावकऱ्यांच्या वाट्याला येतो तो 'डागा', बोटाएवढा चंदेरी मासा. आपल्याकडे जवळा वाळवतात तसा तो उन्हात पसरून वाळवतात. रेंट्श यांनी एमी डेमन यांच्याबरोबर ह्या गावांतला हिशोब मांडला, तेव्हा मासळी महागली की न्यामापोरीची मागणी वाढते असं दिसलं. २०१७ पासून सेरेंगेटीत फास शोधून काढणारी खास पथकं फिरताहेत. ती रानातल्या वाटा धुंडाळतात, गवतातून तारा उपसून गोळा करतात. जूनमध्ये कळप पश्चिमेला येतो, त्या दिवसांत किती तारा सापडतील, हे त्या वर्षी बाजारात डागा काय भावाने विकला जातोय यावरही असतं.