ग्रीन टीच्या खात्यात जमा किती?

जवाहरनगरच्या आयुध निर्माणी वसाहतीत सकाळी फिरणाऱ्या आम्हा निवृत्तांच्या मंडळीत हल्ली दुधाच्या चहाची जागा ग्रीन टीने घेतली आहे. वजन उतरते, हृदय बळकट होते, कर्करोग जवळ फिरकत नाही, अशी एकेकाची ग्वाही. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला तारण पाहिल्याशिवाय कर्ज मंजूर करवत नाही. म्हणून या दाव्यांमागचे तारण तपासले.

त्यातल्या त्यात भक्कम कागद जपानचा आहे. मियागी प्रांतातील 40,530 प्रौढांच्या 11 वर्षांच्या निरीक्षणाचा अहवाल 2006 साली प्रसिद्ध झाला. दिवसाला पाच वा अधिक कप पिणाऱ्यांत, एका कपाहून कमी पिणाऱ्यांच्या तुलनेत, मृत्युदर पुरुषांमध्ये 12 तर स्त्रियांमध्ये 23 टक्क्यांनी कमी आढळला. कर्करोगाच्या मृत्यूंत मात्र असा फरक दिसला नाही. शिवाय हे केवळ निरीक्षण होते. आहार आणि राहणीमानाचा वाटा त्यातून पूर्णपणे वेगळा काढता येत नाही. वजनाविषयी कोक्रेन संस्थेने 2012 मध्ये चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. घट इतकी अल्प, की वैद्यकीयदृष्ट्या तिला महत्त्व नाही. 2020 च्या आढाव्यात 142 अभ्यास तपासूनही कर्करोगाबाबतचा पुरावा विसंगतच ठरला.

नावे बाजू आपल्या घरांत अधिक पाहण्यासारखी आहे. चहातील पॉलिफेनॉल द्रव्ये डाळी-भाज्यांतील लोह बांधून ठेवतात आणि शुद्ध शाकाहारी कुटुंबाचे बहुतेक सारे लोह याच मार्गाने येते. आमच्या सूनबाई जेवण होताच ग्रीन टी घेत. हिमोग्लोबिन उतरल्यावर डॉक्टरांनी प्रथम ही वेळच विचारली. एकासणे करणाऱ्या भगिनींचे जेवण व चहा तर एकाच बैठकीत होते. तेथे चहा वगळणेच बरे, निदान ताटात लिंबू असावे. आयसीएमआरची 2024 ची आहारमार्गदर्शिका जेवणाच्या आधी व नंतर किमान तासभर चहा टाळण्यास सांगते.

अर्काच्या गोळ्यांचा प्रकार वेगळा. दिवसाला 800 मिलिग्रॅम वा अधिक ईजीसीजी पूरकांतून घेणाऱ्यांत यकृताला इजा होत असल्याच्या खुणा दिसतात, असे युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2018 मध्ये नमूद केले. उपाशीपोटी धोका वाढतो. दुकानात असा माल ठेवणाऱ्या बंधूंनी ‘रोग बरा होतो’ असा फलक लावण्यापूर्वी एफएसएसएआयचे 2018 चे जाहिरात व दावेविषयक नियम जरूर पाहावेत.

मी स्वतः सकाळी अकराच्या सुमारास एक कप घेतो. चव आवडते म्हणून.