घरगुती संगणकाची साहाय्यव्यवस्था

शीतकपाट बिघडले की ज्या कंपनीने ते बनवले तिच्याकडेच जायचे, हे सर्वांस ठाऊक असते. संगणकाबाबत मात्र उत्तरदायित्व विभागलेले असते. याचे मूळ १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने बाजारात आणलेल्या वैयक्तिक संगणकात सापडते. त्याचा प्रक्रियक इंटेलचा होता आणि कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टची. हाच साचा पुढे रूढ झाला. आज घरी येणाऱ्या संगणकाचे यंत्र एका कंपनीचे, विंडोज दुसऱ्या कंपनीची आणि इंटरनेटची जोडणी तिसऱ्याच कंपनीची असते. त्यामुळे साहाय्य मागण्यापूर्वी दोष यांपैकी कोणाच्या हद्दीत येतो हे ठरवणे, हाच या विषयातील मुख्य भाग होय.

पहिले साहाय्य यंत्रातच अंतर्भूत असते. कळ दाबताच संगणक स्मृती, कळफलक इत्यादी भागांची स्वयंचाचणी करतो. या वेळी पडदा अद्याप चालू झालेला नसतो, म्हणून दोष असल्यास तो ध्वनीने कळवला जातो. आयबीएमच्या मूळ संगणकात एक आखूड ‘बीप’ म्हणजे सारे ठीक, असा संकेत होता. आता हे संकेत निर्मात्यागणिक भिन्न आहेत आणि अनेक लॅपटॉपमध्ये ध्वनीऐवजी दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो. ही संख्या मोजून कागदावर टिपून ठेवावी. ‘चालूच होत नाही’ या तक्रारीपेक्षा ‘दिवा तीनदा लुकलुकतो, मग थांबतो’ हे वर्णन तंत्रज्ञास कितीतरी अधिक उपयोगी पडते. कार्यप्रणाली सुरू झाल्यावर अनेक आज्ञावलींत एफ-१ ही कळ मदतीसाठी असते. ती सहसा कोणी दाबत नाही, ही खेदाची गोष्ट.

दुसरा प्रकार निर्मात्याच्या सेवेचा. यात संगणक सेवाकेंद्रात नेऊन द्यावयाची आणि तंत्रज्ञ घरी येण्याची, असे दोन हमीप्रकार आढळतात. आपली हमी यांपैकी कोणती, हे खरेदीपूर्वीच विचारून घ्यावे. दूरध्वनीवर प्रथम विचारला जातो तो अनुक्रमांक. तो बहुधा यंत्राच्या तळाशी बारीक अक्षरांत असतो. डेल कंपनी त्यास ‘सर्व्हिस टॅग’ म्हणते आणि तो सात अक्षर-अंकांचा असतो. कंपनीच्या नोंदीत हमीचा आरंभ खरेदीच्या आधीचा दिसत असेल, तर तो दुरुस्त करून घेण्यास पक्के बिल लागते. सांडलेला चहा साधारण हमीत बसत नाही आणि साठवलेली माहितीही नाही. दुरुस्तीस देण्यापूर्वी छायाचित्रे व कागदपत्रे दुसरीकडे उतरवून घ्यावीत.

तिसरा प्रकार दूरस्थ साहाय्याचा. २००१ च्या विंडोज एक्सपीत ही सोय अंगभूत आली. विंडोजच्या अलीकडच्या आवृत्त्यांत ती ‘क्विक असिस्ट’ नावाने आहे. साहाय्यकर्ता एक अल्पजीवी संकेतांक देतो, आपण तो भरून संमती दिली की आपला पडदा त्यास दिसू लागतो. नियंत्रण द्यावयाचे असल्यास त्यासाठी संमती निराळी द्यावी लागते. पुण्यातील वा न्यू जर्सीतील मुलाने साताऱ्यातील वडिलांचा प्रिंटर मार्गी लावावा, हा या सोयीचा सर्वांत सुखद उपयोग.

मात्र हेच साधन भामट्यांच्याही हाती आहे. संकेतस्थळ पाहताना अकस्मात पडदा व्यापला जातो, भोंगा वाजतो आणि ‘विषाणू सापडला, या क्रमांकावर फोन करा’ असा मजकूर येतो. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या त्रुटीसंदेशांत दूरध्वनी क्रमांक कधीच नसतो. तेव्हा फोन न करता ब्राउझर बंद करावा. तो बंद होत नसेल तर वीजकळ काही सेकंद दाबून धरावी. पैसे गेलेच असतील तर विनाविलंब १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावे.

विक्रेता वा निर्माता दाद देत नसेल तर प्रथम १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करता येते. त्यानेही न भागल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे. त्यासाठी तक्रारीचे कारण घडल्यापासून सामान्यतः दोन वर्षांची मुदत असते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आणलेली एक सुधारणा विशेष उल्लेखनीय आहे. कंपनीचे कार्यालय बंगळुरूस असो वा दिल्लीस, ग्राहकास आता आपण जेथे राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते.