आजच्या दिवसाची भाकर

ख्रिस्ती घरात मूल बोलू लागले की त्याला जी प्रार्थना प्रथम पाठ करावयास शिकवितात, ती येशूने आपल्या शिष्यांना शिकविलेली प्रार्थना होय. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात ती आलेली आहे, आणि लूकच्या अकराव्या अध्यायात तीच थोडी आटोपशीर स्वरूपात आहे. सावकाश म्हटली तरी अर्ध्या मिनिटात संपावी एवढीच ती लांब. तिच्या पहिल्या तीन मागण्या आभाळाएवढ्या आहेत: देवाचे नाव पवित्र मानले जावे, त्याचे राज्य यावे, त्याची इच्छा स्वर्गाप्रमाणे पृथ्वीवरही चालावी. आणि मग एकाएकी चौथी मागणी येते ती भाकरीची. राज्याची गोष्ट चालली असता कोणी मध्येच चुलीकडे पाहावे तसे हे आहे. या एका ओळीविषयीच आज आम्हांला चार शब्द बोलावयाचे आहेत. कारण रोज म्हटली जाऊन जिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही, अशी ही ओळ आहे.

पुष्कळ थोर विद्वानांना ही मागणी फार हलकी वाटली. देवापाशी मागावयाचे तर ज्ञान मागावे, भक्ती मागावी, मुक्ती मागावी. पोटाला काय मागावयाचे? म्हणून तिसऱ्या शतकातील ओरिगेन या पंडिताने येथील भाकर म्हणजे आत्म्याचे अन्न, देवाचे वचन, असा अर्थ लावला. तो अर्थ अगदीच टाकाऊ आहे असे आम्ही म्हणत नाही. प्रभुभोजनाची भाकर घेताना ख्रिस्ती माणसाला तो आठवतोच. परंतु ज्या लोकांना ही प्रार्थना प्रथम शिकविली गेली ते गालीलातील कोळी, शेतकरी आणि मोलमजुरी करणारे लोक होते. भाकर म्हटल्याबरोबर त्यांच्या डोळ्यांपुढे भाकरच उभी राहिली असणार. आणि ती बहुधा गव्हाचीही नव्हे. योहानाच्या सहाव्या अध्यायात एका मुलाच्या शिदोरीत पाच भाकरी निघतात, त्या जवाच्या आहेत. जव हे त्या देशातील गरिबाचे धान्य. आमच्या मराठी भाषांतरकारांनी येथे पोळी, चपाती किंवा नुसते अन्न असा शब्द न योजता भाकर हा शब्द पत्करला, त्यात त्यांची नजर फार अचूक होती असे आम्हांला वाटते. जोंधळ्याची किंवा बाजरीची भाकर खाणाऱ्याला ही ओळ समजावून सांगण्याची गरजच उरली नाही.

आता खरी अडचण पुढेच आहे. भाकर कशी, तर रोजची, असे आपण म्हणतो. परंतु मूळ ग्रीकमध्ये या ठिकाणी जो शब्द आहे तो मोठा चमत्कारिक आहे. एपिऊसिऑस असा तो शब्द. मत्तय आणि लूक यांच्या या दोन ओळींत तो येतो. त्यांच्या आधीच्या ग्रीक वाङ्मयात तो सापडत नाही. ज्याची मातृभाषाच ग्रीक, त्या ओरिगेननेही लिहून ठेवले आहे की हा शब्द ना पंडितांच्या लिखाणात आढळतो ना लोकांच्या बोलण्यात, तेव्हा शुभवर्तमानकारांनीच तो घडविलेला दिसतो. चौथ्या शतकात जेरोमने लॅटिन भाषांतर सुधारले, तेव्हा त्याने तर कमालच केली. लूकमध्ये या शब्दाचा अर्थ त्याने रोजची असा ठेवला आणि मत्तयामध्ये त्याच शब्दासाठी, सर्व पदार्थांहून श्रेष्ठ अशी भाकर, असा भारदस्त शब्द घातला. एकाच शब्दाला एकाच माणसाच्या हातून दोन अर्थ मिळाले!

१८८९ मध्ये मात्र अभ्यासकांना मोठा आनंद झाला. ईजिप्तमधील हवारा येथे सापडलेल्या एका जुन्या पपायरसाच्या तुकड्यावर घरखर्चाची यादी होती. सेस नावाच्या इंग्रज पंडिताने तिचे वाचन प्रसिद्ध केले आणि तीत हाच शब्द अर्धवट लिहिलेला आहे असे दाखविले. झाले! दिवसाचा शिधा असा त्याचा अर्थ कोशांतून सांगितला जाऊ लागला, आणि प्रवचनकारांनाही बाजारहाटाच्या यादीतील हा शब्द फार आवडला. पुढे तो तुकडाच हरवला. १९९८ मध्ये तो अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या ग्रंथसंग्रहात पुन्हा हाती लागला. नीट तपासून पाहतात तो तेथे तेलासाठी असलेला साधा ग्रीक शब्द निघाला. अशा रीतीने आमचा शब्द पुन्हा एकटा पडला.

तरीसुद्धा त्याच्या व्युत्पत्तीवरून जे अर्थ निघतात ते एकमेकांपासून फार दूर नाहीत. जगण्यास लागेल एवढी भाकर, हा एक. येऊ घातलेल्या दिवसाची भाकर, हा दुसरा. हा दुसरा अर्थ आम्हांला अधिक पटतो. पहाटे उठून ही प्रार्थना म्हटली तर येणारा दिवस म्हणजे आजचाच. रात्री निजताना म्हटली तर तो उद्याचा. कोणताही अर्थ घ्या, मागणीचे माप एकच राहते. आठवड्याचे धान्य मागितलेले नाही, वर्षाची बेगमी मागितलेली नाही. एक दिवस.

हे माप येशूच्या श्रोत्यांना नवे नव्हते. यहुदी लोकांच्या घराघरातून सांगितली जाणारी एक जुनी कथा त्यांना ठाऊक होती. मिसर देशाच्या गुलामगिरीतून सुटून त्यांचे पूर्वज अरण्यात आले, तेव्हा रोज पहाटे जमिनीवर मान्ना पडे. निर्गमाच्या सोळाव्या अध्यायात ही हकिगत आहे. दर माणशी एक ओमेर, म्हणजे साधारण दोन लिटर, एवढे गोळा करावयाचे. कोणी जास्त गोळा केले, कोणी कमी. मापून पाहिले तर जास्तवाल्याचे उरले नाही आणि कमीवाल्याला उणे पडले नाही. काहींनी सकाळसाठी झाकून ठेवले, तर त्यात किडे पडले आणि त्याला दुर्गंधी सुटली. येथवर सर्वजण सांगतात. पुढची गोष्ट सांगावयास मात्र विसरतात. सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करावयाची आज्ञा होती, कारण सातवा दिवस विसाव्याचा. आणि त्या दिवसासाठी ठेवलेल्या मान्न्यात किडे पडले नाहीत! तेव्हा साठवण म्हणजेच पाप, असे या कथेतून काढता येत नाही. सर्वांना मिळून विसावा घेता यावा म्हणून ठेवलेले टिकले. उद्या मिळेल की नाही या धास्तीने ज्याने त्याने झाकलेले सडले.

आता आपल्याच गावातील एक देखावा पाहू. कोणत्याही मोठ्या गावात सकाळी एखाद्या नाक्यावर मजूर उभे असतात. कोणाच्या हाती थापी, कोणाच्या खांद्यावर कुदळ, बायकांच्या हाती घमेले. ठेकेदार येतो, दहांपैकी चार माणसे निवडतो आणि घेऊन जातो. नऊ वाजले की उरलेल्यांचे चेहरे बदलू लागतात. अकरा वाजता जो तेथे उभा असतो त्याला आळशी म्हणणारे आपल्यात पुष्कळ आहेत. मत्तयाच्या विसाव्या अध्यायातील दृष्टान्त अशाच नाक्यावरचा आहे. एक मळेवाला पहाटे जातो आणि दिवसाचा एक दिनार ठरवून मजूर आणतो. पुन्हा तिसऱ्या तासाला जातो, पुन्हा दुपारी, पुन्हा तिसऱ्या प्रहरी; आणि शेवटी दिवस मावळावयास एक तास उरला असता जातो तो अजून माणसे उभीच. तुम्ही रिकामे का, असे विचारतो. आम्हांला कोणी कामावर घेतले नाही, एवढेच त्यांचे उत्तर. त्यांनाही तो मळ्यात पाठवितो, आणि संध्याकाळी सर्वांच्या हातावर एकेक दिनार ठेवतो.

हा दृष्टान्त वाचून चिडत नाही असा व्यवहारी माणूस आम्ही तरी पाहिला नाही. बारा तास राबलेल्याला जेवढे तेवढेच एक तास काम केलेल्याला? उद्यापासून पहाटे कोण येईल? व्यवहाराच्या दृष्टीने हा आक्षेप बिनतोड आहे, आणि दृष्टान्तातील पहाटेचे मजूरही तोच घेतात. परंतु दिनार म्हणजे काय ते लक्षात घ्यावे. दिनार हे चांदीचे एक नाणे. त्या काळी मजुराच्या एका दिवसाचे मोल. त्याच्या घरची चूल त्यावर एक दिवस पेटे. दिनाराचा बारावा भाग घेऊन शेवटचा मजूर घरी गेला असता, तर हिशेब चोख झाला असता आणि मुले उपाशी निजली असती. मळेवाल्याने कामाचे तास मोजले नाहीत, भाकरी मोजल्या. मोशेच्या नियमशास्त्रातही मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी असे बजावले आहे, आणि कारण असे दिले आहे की तो गरीब आहे व त्याचा जीव तिच्यावर लागलेला असतो. महिनाअखेर पगार मोजून घेणाऱ्या आपणांस या नियमाची निकड चटकन कळत नाही.

येथे कोणी म्हणेल, ठीक आहे. पण ज्याच्या घरात वर्षाचे गहू भरलेले आहेत, बँकेत ठेव आहे, त्याने रोज उठून आजची भाकर मागावी यात काही अर्थ आहे काय? ते ढोंग होणार नाही काय? हा प्रश्न आम्हांला खरा वाटतो आणि त्याला झटपट उत्तर देणाऱ्यांची आम्हांला भीती वाटते. उद्याची काळजी करू नका असे येशूने त्याच अध्यायात सांगितले आहे खरे. परंतु हे वचन घरातील कोण कोणाला ऐकवितो तेही पाहिले पाहिजे. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या हाती पैसा ठरत नसे. मागणाऱ्याला देऊन ते मोकळे होत. संध्याकाळी चुलीवर काय ठेवावयाचे याचा विचार लक्ष्मीबाईंना करावा लागे. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना आपण हसतो; पण उद्याची चिंता पुरुषाने देवावर टाकली की ती पुष्कळदा बायकोच्या पदरात पडते, हेही त्या हसण्याबरोबर कळते.

शास्त्रातच साठवणीचे मोठे उदाहरण आहे. योसेफाने मिसर देशात सुकाळाच्या सात वर्षांत धान्य कोठारांत भरले, आणि दुष्काळाच्या सात वर्षांत ते लोकांच्या कामी आले. याच्या उलट लूकच्या बाराव्या अध्यायातील श्रीमंत शेतकरी. पीक अमाप आले, तेव्हा त्याने जुनी कोठारे पाडून मोठी बांधावयाचे ठरविले, आणि त्याच रात्री तो मेला. दोघांनीही कोठारेच भरली. मग एक शहाणा व दुसरा मूर्ख कसा? त्या शेतकऱ्याचे सगळे बोलणे पाहा, ते त्याने स्वतःशीच केलेले आहे. त्याचे पीक, त्याची कोठारे, त्याचा जीव. बायको नाही, गडी नाही, शेजारी नाही. चौथ्या शतकात कैसरियाच्या बासिलने याच दृष्टान्तावर प्रवचन केले. तुझ्याजवळ राखून ठेवलेली भाकर भुकेल्याची आहे, असा त्याचा आशय होता. ३६९ च्या सुमारास त्या मुलखात दुष्काळ पडला, तेव्हा त्याने धनिकांची कोठारे उघडविली आणि भुकेल्यांना स्वतः उभे राहून अन्न वाढले.

आपल्याकडे हे काम पंडिता रमाबाईंनी केले. तरुणपणी आईवडील आणि थोरली बहीण त्यांनी अन्नावाचून गमावली होती. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी निराधार मुली आणल्या, आणि केडगावच्या माळावर शेकडो मुलींच्या पानात रोज अन्न पडेल अशी व्यवस्था उभी केली. पुढे त्याच रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल साध्या मराठीत उतरविले. ते छापून पुरे झाले १९२४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी. ज्या बाईने या ओळीचे भाषांतर केले तिने भूकही पाहिली होती आणि कोठीही सांभाळली होती. कोशांतून मिळत नाही असा अर्थ तिला कळला असणार, असे आम्हांला वाटते.

या ओळीत ‘मला’ हा शब्द नाही. एकटा माणूस बंद खोलीत ही प्रार्थना म्हणतो (आणि दार लावून प्रार्थना करावी असे त्याच अध्यायात सांगितले आहे) तरी त्याला ‘आम्हांला’ असेच म्हणावे लागते. तेव्हा ज्याचे कोठार भरलेले आहे त्याच्या तोंडीही ही मागणी खोटी ठरत नाही. तो नाक्यावर उरलेल्या मजुरासह मागत असतो. त्याची विनंती मंजूर झाली, तर तिची अंमलबजावणी कदाचित त्याच्याच कोठारातून व्हावयाची असते, हे मात्र त्याने ध्यानात ठेवावे. उघड्या व उपाशी माणसाला, जा, ऊब घे, पोटभर खा, असे नुसते तोंडाने सांगणाऱ्यांची याकोबाने आपल्या पत्रात चांगलीच कानउघाडणी केली आहे.

आणि भाकरीनंतर ही प्रार्थना थांबत नाही. ‘आणि’ या लहानशा अव्ययाने पुढची मागणी तिला जोडलेली आहे, ती क्षमेची. लूकमध्ये तेथे पापे असा शब्द आहे. मत्तयाने वापरलेला शब्द मात्र देणे, कर्ज या अर्थाचा आहे, आणि आमच्या जुन्या मराठी भाषांतरात तो ऋण असाच आला आहे. आम्ही आमच्या ऋणकोंना सोडले, तसे तू आम्हांला सोड, असा तिचा भाव. गालीलातील कुळाला भाकर आणि कर्ज या दोन निराळ्या गोष्टी नव्हत्या. ज्या वर्षी एक कमी पडे त्या वर्षी दुसरे वाढे. वाण्याच्या दुकानात ज्याच्या नावावर उधारीचे पान आहे त्यालाही ती दोन ओळींमधली ‘आणि’ कोणी समजावून सांगावयास नको.