अंतराळसंशोधनाची दुर्लक्षित ठेव

शुक्राभोवती फिरणारे ‘मॅगेलन’ हे अमेरिकी यान ऑक्टोबर १९९४ मध्ये त्या ग्रहाच्या दाट वातावरणात शिरून नष्ट झाले. या घटनेला अठ्ठावीस वर्षे उलटून गेल्यावर, मार्च २०२३ मध्ये, त्याच यानाच्या खात्यावर एका महत्त्वाच्या शोधाची भर पडली. शुक्रावरील ज्वालामुखी मृत झालेले नाहीत, याचा तोवरचा सर्वांत ठोस पुरावा शास्त्रज्ञांच्या हाती आला. त्यासाठी नवे यान सोडावे लागले नाही की नवे उपकरण घडवावे लागले नाही. १९९१ साली टिपलेली चित्रे दोन संशोधकांनी चिकाटीने पुन्हा तपासली, एवढेच. अंतराळमोहिमांच्या बातम्या उड्डाणाच्या दिवशी पहिल्या पानावर झळकतात आणि यान इच्छित स्थळी पोचले की ओसरतात. विज्ञानाच्या दृष्टीने मात्र खरे काम तेथून पुढे सुरू होते. ते किती काळ चालावयाचे, हे यानाच्या आयुष्यावर नव्हे, तर त्याने पाठविलेल्या नोंदींच्या जपणुकीवर आणि त्या वाचणाऱ्यांच्या संख्येवर अवलंबून असते. भारत स्वतः शुक्राकडे जाण्याची तयारी करीत असताना या गोष्टीचा गांभीर्याने विचार व्हावयास हवा.

दोन चित्रांतील फरक

शुक्राचा पृष्ठभाग गंधकाम्लाच्या ढगांआड कायमचा दडलेला आहे. तेथील तापमान ४६० अंश सेल्सिअसच्या घरात असून वातावरणाचा दाब पृथ्वीवरील दाबाच्या सुमारे नव्वदपट आहे. सोव्हिएत रशियाची जी याने तेथे उतरली, त्यांतील सर्वांत टिकाऊ यानही जेमतेम दोन तास तग धरू शकले. त्यामुळे या ग्रहाचे रूप जाणून घेण्याचा व्यवहार्य मार्ग म्हणजे ढगांना भेदून जाणाऱ्या रडारलहरी. ४ मे १९८९ रोजी निघालेल्या ‘मॅगेलन’ने याच मार्गाने शुक्राच्या सुमारे ९८ टक्के भूभागाचा नकाशा तयार केला.

अलास्का विद्यापीठातील रॉबर्ट हेरिक आणि जेट प्रॉपल्शन प्रयोगशाळेतील स्कॉट हेन्सली यांनी या नकाशातील, ज्या प्रदेशांवरून यान एकाहून अधिक वेळा गेले होते, अशा भागांची तुलना केली. ‘माट मॉन्स’ या प्रचंड पर्वताजवळील एका ज्वालामुखीचे मुख फेब्रुवारी १९९१ च्या चित्रात जवळजवळ वर्तुळाकार दिसत होते. आठ महिन्यांनंतरच्या चित्रात ते वेडेवाकडे आणि जवळपास दुप्पट मोठे झालेले आढळले. मग इतकी वर्षे हा बदल कोणाच्याच ध्यानी कसा आला नाही? याचे उत्तर सरळ आहे. दोन्ही वेळा रडारचा रोख वेगवेगळ्या दिशेने असल्याने एकच डोंगर दोन चित्रांत निरनिराळा भासतो. अशी शेकडो चित्रे शेजारी ठेवून तपासण्यास लागणारी संगणकीय साधने तेव्हा सुलभ नव्हती. साधने आली तेव्हा नोंदी शाबूत होत्या आणि खुल्याही होत्या. पुढील वर्षी, २०२४ मध्ये, इटालियन संशोधकांनी त्याच साठ्यातून आणखी दोन ठिकाणी नव्या लाव्हाप्रवाहांच्या खुणा दाखवून दिल्या.

या शोधाचे मोल शुक्रापुरते मर्यादित नाही. आकाराने आणि घडणीने पृथ्वीची जणू जुळी बहीण असलेला हा ग्रह कर्बवायूच्या आवरणाखाली भट्टीसारखा का तापला, या प्रश्नाशी ज्वालामुखींचा निकटचा संबंध आहे. कारण ग्रहाच्या पोटातील वायू त्यांच्याच वाटे वातावरणात येतात.

चांद्रयानाचा धडा

नोंदींच्या या उत्तरायुष्याचे दुसरे उदाहरण थेट भारताचे आहे. २२ ऑक्टोबर २००८ रोजी श्रीहरिकोटा येथून ‘चांद्रयान-१’ निघाले तेव्हा त्यावर अकरा उपकरणे होती. पाच भारतीय आणि सहा परदेशी. इस्रोने परदेशांतील शास्त्रज्ञांनाही या यानावर जागा देऊ केली होती आणि त्यातूनच नासाचे ‘मून मिनरॉलॉजी मॅपर’ हे खनिजांचा वेध घेणारे उपकरण चंद्राकडे गेले. दोन वर्षांसाठी आखलेली ही मोहीम २९ ऑगस्ट २००९ रोजी संपर्क तुटल्याने अर्ध्यावरच थांबली. पुढच्याच महिन्यात चंद्राच्या मातीत पाण्याच्या आणि हायड्रॉक्सिलच्या खुणा असल्याचे जाहीर झाले. ब्राऊन विद्यापीठातील कार्ले पीटर्स यांच्या नेतृत्वाखालील त्या निबंधाच्या लेखकांत जितेंद्रनाथ गोस्वामी आणि मयिलस्वामी अण्णादुराई हे भारतीय शास्त्रज्ञही होते.

या कथेची पुढील दोन प्रकरणे फारशी कोणाला ठाऊक नाहीत. शनीकडे निघालेल्या ‘कॅसिनी’ यानाने १९९९ मध्ये जाता जाता चंद्राचे निरीक्षण केले होते. दहा वर्षे जपलेल्या त्या नोंदी २००९ च्या निष्कर्षाला पुष्टी देण्यासाठी कामी आल्या. पुढे २०१८ मध्ये हवाई विद्यापीठातील शुआई ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘चांद्रयान-१’वरील त्याच उपकरणाच्या नोंदी नव्याने तपासल्या आणि चंद्राच्या ध्रुवांजवळील कायम सावलीत असलेल्या भागांत उघड्या पृष्ठभागावर बर्फ असल्याचा प्रत्यक्ष पुरावा मांडला. यान मूक होऊन तेव्हा नऊ वर्षे झाली होती. भारताच्या यानाने वाहून नेलेल्या उपकरणाची ही फळे जगभर वाटली गेली, यात खंत वाटण्याजोगे काही नाही. तो विज्ञानाचा धर्मच आहे. प्रश्न एवढाच, की आपल्या विद्यापीठांतून अशा फळांपर्यंत पोचणारे हात किती?

जपणुकीची शिस्त

नोंदी जपणे हे कारकुनी काम आहे, असा एक समज सर्वत्र आढळतो. संपन्न राष्ट्रेही त्याला अपवाद नाहीत. मानवाने चंद्रावर पहिले पाऊल ठेवले, त्या वेळच्या मूळ दूरमापन फिती पुढे पुसून पुन्हा वापरल्या गेल्या असाव्यात, हा निष्कर्ष नासाला २००९ मध्ये जाहीर करावा लागला. त्याच संस्थेने दुसऱ्या बाबतीत मात्र विलक्षण दूरदृष्टी दाखविली. अपोलो मोहिमांनी आणलेल्या ३८२ किलो खडक-मातीपैकी काही नमुने भावी पिढ्यांच्या सुधारलेल्या उपकरणांसाठी मुद्दाम मोहोरबंद ठेवण्यात आले. डिसेंबर १९७२ मध्ये ‘अपोलो-१७’च्या अंतराळवीरांनी चंद्रावरच बंद केलेली एक नळी २०२२ मध्ये, म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षांनी उघडली गेली. ज्यांनी ती ठेवली, त्यांना ती उघडताना पाहण्याची खात्री नव्हती. वृक्ष लावणाऱ्याने फळांची अपेक्षा नातवंडांसाठी करावी, तशातलीच ही वृत्ती होय.

जपलेली ठेव कुलपात असेल तर तीही निरुपयोगीच. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांनी १९७२ पासून पृथ्वीची चित्रे टिपली. पण त्यांचे मूल्य द्यावे लागत असे. या शतकाच्या आरंभी एका चित्रास ६०० डॉलर पडत आणि वर्षाकाठी जेमतेम पंचवीस हजार चित्रे खपत. २००८ मध्ये हा संपूर्ण साठा विनामूल्य झाला आणि मागणी लाखांच्या घरात गेली. जंगलतोड, पिके, हिमनद्या, शहरांची वाढ यांचा अनेक दशकांचा आलेख मांडणारे संशोधन त्यानंतरच खऱ्या अर्थाने बहरले. उपग्रह तेच होते. बदलले होते केवळ धोरण.

याविरुद्ध एक आक्षेप घेतला जातो आणि तो अगदीच अनाठायी नाही. ज्या शास्त्रज्ञांनी एखादे उपकरण घडविण्यात आयुष्याची दहा-दहा वर्षे घातली, त्यांच्या श्रमाचे पहिले फळ त्यांनाच मिळावयास नको काय? अवश्य मिळावे. तथापि त्यासाठी ठराविक मुदत पुरेशी असते. ती संपताच नोंदी सर्वांच्या झाल्या पाहिजेत. भारतातही पावले या दिशेने पडत आहेत. इस्रोच्या ग्रहमोहिमांचा साठा बंगळुरूजवळील ब्यालालू येथील केंद्रात आहे. ‘चांद्रयान-३’च्या नोंदी २३ ऑगस्ट २०२४ रोजी, पहिल्या राष्ट्रीय अंतराळदिनी, खुल्या करण्यात आल्या. पाच मीटर वा त्याहून स्थूल तपशिलाची शासकीय उपग्रहचित्रे विनामूल्य देण्याचे तत्त्वही २०२३ च्या अंतराळ धोरणाने स्वीकारले आहे.

पृथ्वीवर रोखलेले रडार

शुक्रासाठी वापरलेले तंत्र आता पृथ्वीच्या सेवेला आले आहे. इस्रो आणि नासा यांनी मिळून घडविलेला ‘निसार’ हा उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटा येथून सोडण्यात आला. त्याच्या रडारची एक तरंगपट्टी अमेरिकेची, तर दुसरी भारताची आहे. लहरी झेलणारी त्याची जाळीदार छत्री बारा मीटर व्यासाची आहे. ७४७ किलोमीटर उंचीवरून तो दर बारा दिवसांनी त्याच मार्गावर परततो आणि पाऊस, ढग वा अंधार यांना न जुमानता जमिनीची काही सेंटिमीटरांची हालचालही टिपू शकतो. ‘मॅगेलन’च्या दोन चित्रांत आठ महिन्यांचे अंतर होते आणि त्यांची तुलना होण्यास तीन दशके लागली. येथे अशी तुलना महिन्यातून अनेकदा शक्य आहे.

योगायोग असा, की ३० जुलै हीच तारीख महाराष्ट्राच्या स्मरणात एका दुर्घटनेने कोरली गेली आहे. २०१४ साली त्याच दिवशी पुणे जिल्ह्यातील माळीण गाव दरडीखाली गाडले गेले आणि दीडशेहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर २०२१ च्या जुलैत तळिये आणि २०२३ च्या जुलैत इर्शाळवाडी येथे त्याच शोकांतिकेची पुनरावृत्ती झाली. सह्याद्रीच्या ज्या उतारांवर पावसाळ्यात ढग हटत नाहीत, तेथे साधा कॅमेरा आंधळा ठरतो. रडार ठरत नाही. अर्थात या साधनाकडून चमत्काराची अपेक्षा करणे चुकीचे होईल. अतिवृष्टीत एकाएकी सुटणाऱ्या दरडीची पूर्वसूचना बारा दिवसांनी फिरून येणारा उपग्रह देऊ शकत नाही. मात्र जो उतार महिनोन्‌महिने इंचाइंचाने सरकतो आहे, जी भेग रुंदावत आहे, तो धोक्याचा प्रदेश नकाशावर आधीच अधोरेखित करणे त्याला शक्य आहे. कोणत्या वाडीचे पुनर्वसन प्रथम करावे, या प्रश्नाचा निर्णय मग केवळ अंदाजावर सोडावा लागणार नाही.

या उपग्रहाकडून दररोज सुमारे ८० टेराबाइट एवढी माहिती तयार होईल, असा नासाचा अंदाज आहे, आणि ती विनामूल्य खुली ठेवण्याचे धोरण आहे. म्हणजे अडचण यापुढे माहितीच्या दुर्भिक्षाची नाही, तर ती वाचणाऱ्यांच्या दुर्भिक्षाची आहे. रडारचित्र हे छायाचित्र नव्हे. ते उकलण्यास भूशास्त्र, गणित आणि संगणक या तिन्हींची जाण लागते. अशी जाण असलेली माणसे प्रत्येक जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापनाशी जोडली गेली नाहीत, तर हा अमोल साठा दूरच्या संगणकांत पडून राहील आणि डोंगर मात्र सरकत राहतील.

वाचक कोण घडविणार?

असे वाचक घडविण्याचा एक यशस्वी प्रयोग पुण्यातच झालेला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८८ मध्ये जयंत नारळीकर यांच्या नेतृत्वाखाली ‘आयुका’ची स्थापना केली. स्वतः संशोधन करावयाचेच, पण त्याबरोबर देशभरातील विद्यापीठांच्या अध्यापकांना आणि विद्यार्थ्यांना संशोधनाची दारे उघडून द्यावयाची, असे या केंद्राचे स्वरूप राहिले. २०१५ मध्ये ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ ही अंतराळ वेधशाळा आकाशात गेल्यावर तिच्या नोंदी वापरू इच्छिणाऱ्यांना साहाय्य करणारा कक्ष इस्रोच्या सहकार्याने याच केंद्रात उभा राहिला. ताऱ्यांसाठी जे झाले, ते ग्रहांसाठी आणि पृथ्वीसाठी का होऊ नये? ग्रहविज्ञान आणि भूनिरीक्षण यांना वाहिलेले असे आंतरविद्यापीठीय केंद्र उभारावयाचे झाले, तर त्याचा खर्च एखाद्या ग्रहमोहिमेच्या तुलनेत अल्पच ठरेल.

शुक्रमोहीम ही त्यासाठी योग्य संधी आहे. या मोहिमेसाठी इस्रोने २०१७ मध्ये देशातील शास्त्रज्ञांकडून प्रस्ताव मागविले. केंद्रीय मंत्रिमंडळाने १८ सप्टेंबर २०२४ रोजी १,२३६ कोटी रुपयांच्या खर्चास मान्यता दिली आणि उड्डाणासाठी मार्च २०२८ चे लक्ष्य ठरविले. कल्पना आणि उड्डाण यांत अकरा वर्षांचे अंतर! या काळात शासने बदलतात, प्राधान्यक्रम बदलतात. नासाने २०२१ मध्ये निवडलेल्या ‘व्हेरिटास’ आणि ‘डाविन्ची’ या दोन शुक्रमोहिमा रद्द कराव्यात, असा प्रस्ताव अमेरिकी प्रशासनाने २०२५ मध्ये अर्थसंकल्पात मांडला होता. मोहिमांची ही अनिश्चितता लक्षात घेता, जी याने प्रत्यक्षात जातात, त्यांच्या प्रत्येक नोंदीचे मोल अधिकच वाढते.

भारताच्या शुक्रयानाच्या नोंदी ज्यांना वाचावयाच्या आहेत, ते विद्यार्थी आज शाळा-महाविद्यालयांत शिकत आहेत. कदाचित त्यांतील सर्वांत मोलाची नोंद ज्यांच्या हाती लागेल, त्यांचा जन्मही झालेला नसेल. यान बांधण्याच्या खर्चाची तरतूद झाली आहे. हे वाचक तयार करण्याची तरतूदही त्याच निश्चयाने केली जाईल काय, यावरच त्या खर्चाचे सार्थक ठरावयाचे आहे.