टेबलावरचे सहा गठ्ठे

नोकरीत पुढे जायचे तर काय करावे, असे नव्याने नोकरीला लागलेली मुले-मुली मला नेहमी विचारतात. हुशारी हवी, मेहनत हवी, वरिष्ठांशी सांभाळून वागायला हवे, ही उत्तरे त्यांना पाठच असतात. मी उलट विचारतो, 'आज तुमच्याकडे किती कामे शिल्लक आहेत?' बहुतेक जण सांगतात, 'खूप आहेत.' खरी अडचण इथेच असते. 'खूप' हा काही आकडा नव्हे.

माझी सारी नोकरी महसूल खात्यात झाली. आमच्याकडे टेबलाला 'संकलन' म्हणतात. अशा संकलनावर रोज टपाल येते. अर्ज, अहवाल, स्मरणपत्रे, वरिष्ठ कार्यालयांची पत्रे. हे सगळे एकाच ढिगात पडले की चांगला माणूसही गोंधळतो. म्हणून सरकारी दप्तरात सहा गठ्ठ्यांची पद्धत आहे. ज्यावर आपल्यालाच कार्यवाही करायची आहे, ती प्रकरणे पहिल्या गठ्ठ्यात. दुसऱ्याकडून उत्तर यायचे आहे, ती प्रतीक्षाधीन प्रकरणे दुसऱ्यात. ठरावीक तारखांना पाठवायची नियतकालिक विवरणपत्रे तिसऱ्यात. पुन्हा पुन्हा लागणारे शासन निर्णय आणि परिपत्रके, म्हणजे स्थायी आदेश, चौथ्यात. काम संपून अभिलेख कक्षात जायची प्रकरणे पाचव्यात, आणि मुदतीनंतर नष्ट करायचे कागद सहाव्यात.

कोणता कागद किती काळ ठेवायचा, हेही ठरलेले असते. 'अ' वर्गाचे कागद कायमचे, 'ब' वर्गाचे ३० वर्षे, 'क-१' चे १० वर्षे, 'क' चे ५ वर्षे आणि 'ड' चे १ वर्ष. १९८०च्या दशकात तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कार्यालयाची बसण्याची व्यवस्था आणि जुने दप्तर नीट लावण्याचे काम हाती घेतले. 'लखिना पॅटर्न' म्हणून ते राज्यभर गाजले.

या सहांमध्ये मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो दुसरा गठ्ठा. आपण पत्र पाठवले की काम आपल्या हातून सुटले, असे वाटते. ते सुटलेले नसते. दुसऱ्या कार्यालयातून उत्तर आले नाही, तर विचारणा आपल्याकडेच होते. म्हणून पत्र पाठवतानाच स्मरणपत्राची तारीख टिपून ठेवावी. एवढी एक सवय असली, तरी निम्म्या कटकटी टळतात.

गठ्ठ्यांच्या जोडीला आठवड्याचा गोषवारा हवा. समजा, मागची शिल्लक ४० होती, नवी २५ प्रकरणे आली आणि २२ निकाली निघाली. म्हणजे शिल्लक ४३. दिवसभर राबूनही काम तीनने वाढले, हे ढीग पाहून कळत नाही, आकडा पाहून कळते. मग साहेबांकडे 'कामाचा ताण आहे' अशी तक्रार न करता आकडे घेऊन जाता येते, आणि आकड्यांचे ऐकले जाते.

आता कोणी म्हणेल, सरकारी नोकरीत बढती ज्येष्ठतेने मिळते, तिथे टापटिपीचा काय उपयोग? ज्येष्ठता आपल्या हातात नाही, हे खरे. पण तीन गोष्टी बऱ्याच अंशी आपल्या हातात असतात. पहिली, गोपनीय अहवाल. आता त्याला कार्यमूल्यमापन अहवाल म्हणतात. वर्षभराचे गोषवारे जवळ असले, तर आपण काय केले हे नेमके सांगता येते. दुसरी, विभागीय परीक्षा. ज्याचे काम वेळेत आटोपते, त्यालाच संध्याकाळी अभ्यासाला बसता येते. तिसरी, वरिष्ठांचा विश्वास. विचारल्याबरोबर 'फाइल कुठे आहे' हे जो सांगतो, त्याच्याकडेच पुढचे अवघड काम येते, आणि माणूस अशाच कामांतून शिकतो.

याची उलट बाजूही मी पाहिली आहे. आमचे एक ज्येष्ठ सहकारी होते. सगळे दप्तर त्यांच्या डोक्यात. कोणती फाइल कोणत्या फडताळात, हे फक्त त्यांनाच ठाऊक. लोक त्यांना 'चालतेबोलते रेकॉर्ड' म्हणत आणि त्यांनाही त्याचा अभिमान होता. पण ते रजेवर गेले की संकलन बंद. वारस नोंदीसाठी लांबून आलेली म्हातारी माणसे हात हलवत परत जात. साहेब बदलले, तरी त्यांना त्या टेबलावरून हलवायचे धाडस कोणी केले नाही. त्यांच्या मागून आलेले लोक निरनिराळी संकलने शिकून पुढे गेले, हे मात्र तिथेच राहिले. आपल्यावाचून अडते, ही गोष्ट मानाची वाटते, पण तीच माणसाला एका खुर्चीला बांधून टाकते. ज्याला एका दिवसात चार्ज देता येतो, त्यालाच नव्या जागी पाठवता येते.

शिवाय आता कायद्याचीही बाजू आहे. महाराष्ट्रात बदल्या व दप्तर दिरंगाईसंबंधीच्या २००५च्या कायद्यानुसार कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे साधारणपणे कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त राहू नये. त्याच वर्षी माहितीचा अधिकार आला आणि २०१५मध्ये लोकसेवा हक्क कायदा. कागद कधी आला आणि कधी गेला, हे आता नागरिकही विचारू शकतो.

खासगी कंपनीत किंवा दुकानात काम करणाऱ्यांनाही हे सहा गठ्ठे लागू पडतात. ई-मेल असो वा ई-ऑफिस, ढीग पडद्यावर आला म्हणून तो ढीग राहत नाही असे नाही. येत्या सोमवारी पहिला अर्धा तास नवे काम हाती घेऊ नका. समोर जे आहे, त्याची या सहांत वाटणी करा आणि शिल्लक मोजून कागदावर लिहा. त्या आठवड्यात कोणी विचारले, 'किती काम आहे?', तर उत्तर आकड्यात द्या.