थंडीतला बास: मासाही गारठतो, आपणही!

आजचा विषय मासेमारी, आणि तीही ऐन जानेवारीतली. मी राहते अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनात, शार्लट शहराजवळ. इथे लेक नॉर्मन नावाचा प्रचंड जलाशय आहे, कटॉबा नदीवर धरण बांधून 1960च्या दशकात तयार झालेला. हिवाळ्यातले माझे शनिवार त्याच्या काठावर जातात.

मासा कोणता, तर बास. हॉटेलात ‘सी बास’ म्हणून जिताडा खाल्ला असेल, तर तो हा नव्हे. हा लार्जमाउथ बास गोड्या पाण्यातला. हिरवट अंग, भलंमोठं तोंड, पक्का शिकारी. उन्हाळ्यात आमिषावर अक्षरशः झडप घालतो.

पण पहिल्या हिवाळ्यात मी सलग पाच शनिवार रिकाम्या हाताने घरी आले. गळ टाकायचा, भराभर गुंडाळायचा, परत टाकायचा. शेवटी शेजारचे आजोबा म्हणाले, “अगं, मासा गारठलाय आणि तू उन्हाळ्यासारखी पळतेयस!”

आता यामागचं कारण समजून घ्या. मासा थंड रक्ताचा. पाणी जेवढं थंड, तेवढंच त्याचं शरीर थंड. पाणी 7 ते 10 अंश सेल्सियसवर आलं की त्याचं पचन मंदावतं, भूक कमी होते. एका घासासाठी लांब पळणं त्याला परवडत नाही. पण खाणं पूर्ण बंद होत नाही, हे लक्षात ठेवा. घास अगदी तोंडासमोर आला आणि तिथेच थांबला, तर तो घेतो.

म्हणून आम्ही जर्कबेट वापरतो. हे छोट्या माशासारखं दिसणारं प्लॅस्टिकचं आमिष. यातला एक प्रकार ओढायचं थांबवलं की तरंगतही नाही, बुडतही नाही, पाण्यात जागच्या जागी राहतो. दोन हलके झटके द्यायचे आणि थांबायचं. दहा सेकंद, कधी वीस. इथे शॅड नावाचे छोटे मासे असतात. पाणी फार गार झालं की ते अर्धमेले होतात, थरथरतात आणि थांबतात. आपलं आमिष हुबेहूब तसं दिसतं. बाससाठी हे फुकटचं जेवण!

जागाही महत्त्वाची. काठ जिथे एकदम खोल उतरतो, ती जागा धरायची, कारण थोडंसं वर-खाली सरकून माशाला हवं ते पाणी मिळतं. आणि पहाटे उठायची गरज नाही! दुपारी उन्हाने खडक तापतात, आसपासचं पाणी किंचित ऊबदार होतं. तेव्हा जा.

सहाव्या शनिवारी मी मनात दहा आकडे मोजत होते. आठवर तंगूस नुसता जड झाला. झटका नाही, काही नाही. ओढलं, तर बास!

फोटो काढला आणि त्याला सोडायला वाकले. शेवाळावरून पाय घसरला आणि मी छातीभर पाण्यात. श्वासच लागेना, नुसते हुंदके. खडक समोर होता, पण बोटं मिटेनात. आजोबांनी जाळीचा दांडा पुढे केला, मी तो काखेत धरला, तेव्हा कुठे बाहेर आले. माझं लाइफ जॅकेट? गाडीच्या डिकीत.

थंडी माशाला जे करते, तेच मलाही करत होती. फक्त मासा त्यासाठी घडलेला आहे, मी नाही. इथे 1-10-1 असा ढोबळ नियम शिकवतात. गोठवणाऱ्या पाण्यात पडलात तर पहिलं 1 मिनिट फक्त श्वास सांभाळा, घाबरून हातपाय मारू नका. नंतर साधारण 10 मिनिटं हातपाय कामाचे असतात, तेवढ्यात बाहेर या. शुद्ध हरपायला सुमारे 1 तास लागतो, पण हात निकामी झाल्यावर डोकं पाण्यावर कोण धरणार? ते काम जॅकेटचं.

तेव्हा थंडीत पाण्यावर जाणार असाल, मग ते अमेरिकेत असो की हिमाचलात, तर तीन गोष्टी करा. जॅकेट अंगात घाला, सोबत कुणीतरी न्या आणि कोरडे कपडे गाडीत ठेवा.

आणि हो, गळ टाकल्यावर दहापर्यंत मोजा. सावकाश. भेटू पुढच्या भागात!